वेशीवरचा नामा

संध्याकाळी आमच्या घरात तासभर कोणी कोणाशी बोलत नाही. सूनबाईंची मालिका लागलेली असते. त्यातली थोरली जाऊ एकदा मेली, मग परत आली, आणि आता तिची स्मृती गेली आहे. सूनबाई रोज म्हणतात, "पाणी घालून घालून वाढवलीय हो, संपवायला हवी," आणि रोज बघतात. परवा जाहिराती चालू असताना त्यांनी मला विचारलं, "बाबा, लोकांना आवडतेय तोवरच मालिका संपवावी की नाही? तुमचं काय मत?" मी म्हटलं, माझं मत एका मुक्या डब्यापाशी बसून बनलेलं आहे, सांगायला वेळ लागेल. तेवढ्यात जाहिराती संपल्या. म्हणून इथे लिहितो.

मी सरकारी रेडिओ मेकॅनिक होतो. बहात्तरच्या सुमाराला मुंबईत टीव्ही नुकता आला होता, पण आमच्या नगर जिल्ह्यात तो पाहिलेला माणूस शोधावा लागला असता. खेड्यात घरोघरी ट्रान्झिस्टरही नव्हते. सरकार गावाला मिळून एक रेडिओ द्यायचं. त्याला आम्ही 'सेट' म्हणायचो. चावडीत किंवा शाळेत लाकडी कपाटात तो ठेवायचा, कपाटाची किल्ली गावातल्या एका जबाबदार माणसाकडे असायची, आणि दिवे लागायच्या वेळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की गाव समोर येऊन बसायचं. माझं काम म्हणजे पिशवीत बॅटऱ्या आणि हत्यारं घेऊन एसटीनं गावोगाव हिंडणं. पारनेर, जामखेड, पाथर्डी. संपलेली बॅटरी बदलायची, दोन बांबूंवर ताणलेली एरियलची तार तपासायची आणि अर्थिंग बघायचं.

अर्थिंग म्हणजे सेटमधून निघून जमिनीत पुरलेली तार. ती जिथे पुरली तिथली माती ओली असली तर आवाज स्वच्छ येतो, कोरडी पडली की खरखर वाढते. म्हणून मी प्रत्येक गावाला सांगून ठेवायचो की रोज संध्याकाळी त्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओता. हे सांगायला सोपं होतं. पुढे दुष्काळ पडला, बायका कोसभरावरून हंडे आणायला लागल्या, तेव्हा ते सांगताना माझीच जीभ अडखळू लागली.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. पारनेरकडच्या एका म्हाताऱ्यानं मला बांधावरच अडवलं होतं. "तुमचा रेडिओ बिघाडलाय. रोज म्हंतो पाऊस पडंल, पन पडत न्हाई. दुरुस्त करा." मी समजावून सांगितलं, की ते हवामानवाले वेगळे आणि मी वेगळा. त्याला काही ते पटलं नाही. "डबा तुमचाच हाय ना?" असं म्हणून तो निघून गेला. जामखेडकडे एका गावात आवाज येईना म्हणून गेलो, तर एरियलच्या तारेवर कोणाची तरी लुगडी वाळत होती. ती काढायला सांगितली, तर त्या बाईंनी मला ऐकवलं, की लुगडं रोज लागतं, रेडिओचं काय अडलंय? मी दोरी विकत आणून बांधून दिली. असल्या दोऱ्या खात्यानं कधी मंजूर केल्या नाहीत.

पण ज्या गावाची गोष्ट सांगायची ते तिसगावपासून आत होतं. नाव मुद्दाम देत नाही, तिथली माणसं अजून आहेत.

त्या काळी दर बुधवारी रेडिओवर एक मालिका लागायची, 'तात्यांचा मळा' नावाची. तात्या नावाचा एक तापट शेतकरी. नवी विहीर कुठे खणायची यावरून त्याचं मुलाशी, नामाशी, भांडण होतं. तात्या चार माणसांत त्याच्या थोबाडीत मारतो आणि नामा घर सोडून जातो. पुढे दर बुधवारी तात्याची बायको, सून, शेजारी, गुरं, पीक असं सगळं चालायचं, पण ऐकणाऱ्यांचं लक्ष एवढ्यावरच की नामा कधी येणार. मी ज्या गावात जाईन तिथे मला हाच प्रश्न. जणू काही नामा माझ्या पिशवीतच होता.

या गावात मात्र तो प्रश्न कोणी मोठ्यानं विचारत नसे. कारण कपाटाची किल्ली होती कोंडिबा आप्पांकडे, आणि आप्पांच्या घरात तेच घडलं होतं. दुष्काळाच्या सुरुवातीला त्यांचा एकुलता मुलगा दिगू सरकारी कामावर खडी फोडायला नाव लिहून आला. आप्पांना ते खपलं नाही. बागायतदाराचा पोरगा सरकारी खडी फोडणार म्हणून त्यांनी चावडीसमोरच त्याला मारलं. दिगू त्याच दिवशी नगरला गेला आणि स्टेशनामागच्या लाकडाच्या वखारीत कामाला राहिला. पुढे विहीर आटली, गुरं छावणीला गेली आणि आप्पांची बायको चंद्राबाई स्वतः खडी फोडायला जाऊ लागल्या. आप्पा त्यावर काही बोलले नाहीत. मुलाला बोलावणंही त्यांनी पाठवलं नाही.

बुधवारी ते सर्वांत आधी यायचे. कपाट उघडायचे, सेट लावायचे, आणि जाऊन सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून बसायचे. अर्थिंगला पाणी तेच घालायचे. त्या वर्षी गावात ते पाणी कोण देणार यावरून बोलाचाली होती. आप्पा आपल्या अंघोळीच्या पाण्यातलं तांब्याभर काढून आणत. तात्या नामाची आठवण काढायला लागला की समोरची माणसं हळूच मान वळवून मागे बघत. आप्पा छताकडे बघत.

होळीच्या आसपास मी बॅटरी बदलायला गेलो तो दिवस बुधवार होता. मुक्काम शाळेत, शांतवन गुरुजींकडे. गुरुजी नगरच्या मिशन कंपाउंडमधले ख्रिस्ती, एकटेच राहायचे, पेटी वाजवायचे आणि नाताळात आमच्याकडे नगरला कीर्तन करायचे. त्या कीर्तनाला हिंदू-मुसलमान सगळे जात, इतका त्यांचा गळा आणि सांगण्याची हातोटी. आम्ही दोघं चावडीवर गेलो. त्या दिवशी मालिकेत रात्रीची वेळ होती. तात्या एकटाच ओसरीवर बसलेला. कुत्रं भुंकतं. फाटकाची कडी वाजते. तात्या विचारतो, "कोन हाय?"

आणि सनई वाजली. निवेदिकेनं सांगितलं, की ही मालिका इथेच समाप्त होत आहे, पुढच्या बुधवारपासून याच वेळी कुक्कुटपालनावर माहिती.

माणसांनी आधी सेटकडे बघितलं. मग सगळे एकदम माझ्यावर तुटून पडले. "रेडिओसाहेब, तार बघा. पुढचं अडाकलंय कुठंतरी." "बॅटरी नवी घातली तिथंच गडबड झाली." एक जण तर म्हणाला, तिसगावच्या सेटवर पुढचं लागत असणार, तो सेट मोठा आहे. मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं, की मालिका संपली. "कडी वाजली न् संपली? कडी कुनी वाजिवली ते तरी सांगा!"

पुढे काही वर्षांनी मी ती मालिका लिहिणाऱ्या गृहस्थांना भेटलो. मी त्यांना म्हणालो, तुम्ही फार धीरानं संपवलीत, ऐन बहरात, उत्तर न देता. ते मनमोकळे हसले. नामाचं काम करणाऱ्या मुलाला नाशिकला नोकरी लागली होती आणि त्याच्यासारखा दुसरा आवाज मिळेना. कडी वाजवायला आवाज लागत नाही, म्हणून त्यांनी कडीवर भागवलं. मला ते ऐकून थोडा राग आला, पण शेवट काही त्यामुळे वाईट ठरत नाही.

त्या संध्याकाळी आप्पांनी कपाटाला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि गेले.

मी परत गेलो तो ऐन उन्हाळ्यात. खरं तर त्या गावाची बॅटरी त्याच्या बऱ्याच आधी संपायला हवी होती, पण तक्रार आली नव्हती. बॅटरी संपली की गावं दुसऱ्या दिवशी माणूस पाठवतात, आणि इथे सगळं शांत. योगायोगानं दिवस पुन्हा बुधवारच होता. एसटीतून उतरून चावडीकडे आलो तर नेहमीसारखी माणसं बसलेली, बायका एका बाजूला, कपाट उघडं. आवाज येत होता तात्याचा. मी दारातच थबकलो. मालिका पुन्हा चालू झाली आणि मला, मेकॅनिकला, पत्ता नाही?

पुढे होऊन बघतो तर सेट बंद. सेटच्या शेजारी स्टुलावर शांतवन गुरुजी बसलेले आणि तोंडानं मालिका सांगत होते. तात्याचा खर्जातला आवाज, त्याच्या बायकोची कुरकुर, कुत्रं, बैलाच्या घुंगरांचा आवाज, आणि शेवटी निवेदिकेच्या गोड आवाजात, "पुढचा भाग पुढच्या बुधवारी." सनईसुद्धा तोंडानंच. माणसं समाधानानं उठली.

कडी वाजवणारा तो नामा नव्हताच, असं गुरुजींनी पहिल्याच बुधवारी ठरवून टाकलं होतं. तो शेजारी निघाला. नामा तेव्हा कुठे तरी दूर होता. मग तो निघाला. मग त्याला ताप आला. मग नदीला पूर आला, भर दुष्काळात. आता तो वेशीपर्यंत पोहोचला होता, पण आत यायला लाजत होता. लोक बॅटरीची तक्रार करत नव्हते, कारण सेट सुरू झाला की कोंबड्या सुरू होतील.

मी सेट उघडून बघितला. बॅटरी केव्हाच मेलेली होती, फुगून तिचं पाणी सुटायला आलं होतं. मागे अर्थिंगचा खड्डा बघायला गेलो. माती ओली होती. आप्पा त्या मेलेल्या सेटलाही रोज पाणी घालत होते.

एवढी वर्षं मी अर्थिंग तपासत आलो, पण ओल्या मातीचं वाईट वाटलं ते तेवढं एकदाच.

रात्री जेवताना मी गुरुजींना विचारलं, "किती दिवस चालवणार हे?"

"संपवता येत नाही," गुरुजी म्हणाले. "पहिल्या दिवशी गंमत म्हणून सांगितलं. लोक उदास बसले होते, आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. एवढी माणसं माझ्यापुढे नाताळातच बसतात. पण आता भीती वाटते. नामा घरी आला आणि आप्पांचा दिगू नाही आला, तर? त्यापेक्षा तो वाटेवर असलेला बरा. आशा राहते."

मला ते पटलं. चांगला माणूस होता, चांगल्या मनानं करत होता.

सकाळी मी एसटीची वाट बघत उभा होतो तर चंद्राबाई आल्या. डोक्यावर पाटी, त्यात खडीच्या कामावरचा हातोडा. कामाला निघाल्या होत्या, पण वाट वाकडी करून आल्या होत्या.

"रेडिओसाहेब, त्यो डबा घिऊन जा तुमी."

"का मावशी? नवी बॅटरी घातलीय मी आता."

"घातली तरी बुधवारी बंदच ठिवतील." त्यांनी पाटी खाली ठेवली. "मालिका संपली ना, ती कडी वाजली त्या राती, म्हातारा झोपला न्हाई. सकाळी धुतल्यालं धोतर मागितलं. म्हनला, बाजारच्या गाडीनं नगरला जाऊन येतो. मी भाकरीबी करायची ठरवली हुती. तवर बुधवार आला आन् गुरुजींनी गोष्ट लांबिवली. म्हनला, बघू तर काय हुतंय पुढं. तवाधरनं बघतोयच. त्या डब्यातला पोरगा दर बुधवारी थोडा थोडा जवळ येतोय, म्हाताऱ्याला वाटतंय आपलाच येतोय. बसल्या जागी बरं वाटतंय त्याला. त्यो उठंल कशापायी?"

मी म्हटलं, "गुरुजींना सांगा ना, संपवा म्हणावं."

"सांगून बघितलं. गुरुजी म्हंत्यात, आप्पांला दुख हुईल. व्हऊ द्या की! दुख झालं तवाच धोतर मागितलं हुतं त्यांनी."

त्या बाईनं कधी मालिकेची चर्चा केली नव्हती, आणि आजवर या विषयावर मी त्याहून नेमकं काही ऐकलेलं नाही. मी म्हटलं, पण सेट बंदच ठेवणार असतील तर तो नेऊन काय होणार, गुरुजी तोंडानं सांगतात. त्या म्हणाल्या, "डब्याबिगर न्हाई सांगत. डब्याम्होरं बसलं की रेडिओ. डबा न्हाई तर नुसत्या गप्पा. गप्पांला कोन जमतंय?"

मी सेट काढला. चांगला, नवी बॅटरी घातलेला सेट दुरुस्तीसाठी म्हणून नगरला नेला. सगळ्या नोकरीत असं मी एकदाच केलं आणि मला त्याचा आजही अभिमान आहे. आप्पांनी कपाट उघडून दिलं. "किती दिस लागतील?" मी म्हटलं, सांगता येत नाही.

चंद्राबाई निघताना मला वखारीमागची दिगूची खोली कुठे ते सांगून गेल्या. का सांगतायत ते बोलल्या नाहीत.

पुढच्या बुधवारी दुपारी आप्पा आमच्या नगरच्या वर्कशॉपमध्ये हजर. धुतलेलं धोतर, फेटा, कमरेला कपाटाची किल्ली.

"सेट न्यायला आलोय."

"अजून उघडलेला नाही, आप्पा. उद्या बघतो."

"मंग बसतो."

बाकावर बसले. मी माझ्या डब्यातली भाकरी दिली, ती खाल्ली. ऊन कलायला लागलं तसं मी विचारलं, "मुक्काम कुठे करणार?"

"ठेसनावर पडंन." मग खाली बघतच म्हणाले, "दिगू हाय म्हनं हितं. वखारीत."

"माहीत आहे."

"तुमाला कसं म्हाईत?"

"सगळ्या गावाला माहीत आहे, आप्पा. चला, मी खोली दाखवतो."

ते उठले नाहीत. "आज बुधवार हाय," म्हणाले. "गुरुजी सांगनार असतील. नामा वेशीपतोर आलाय."

"सेट माझ्या टेबलावर आहे. गुरुजी कशासमोर बसून सांगणार?"

आप्पांनी टेबलावरच्या सेटकडे बघितलं. मग किल्ली चाचपली, आणि उठले.

मी सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर चालत गेलो. वखारीमागे पत्र्याच्या खोल्या होत्या. दिगूची शेवटची. दार लोटलेलं, आत स्टोव्हचा आवाज. मी दाखवलं आणि मागे सरलो. आप्पांनी हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला आणि कडी वाजवली.

स्टोव्हचा आवाज बंद झाला. आतून दिगूनं विचारलं, "कोन हाय?"

आप्पांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आता पुढचं दुसरं कोणीतरी सांगेल, अशी वाट बघत होते. मला रडू आलं, आणि चीडही आली. मी म्हटलं, "बोला, आप्पा. हे गुरुजींना येत नाही." आणि सायकलवर टांग टाकून निघालो. मागे दार उघडल्याचा आवाज ऐकला, तेवढाच.

सेट न्यायला शुक्रवारी दोघं आले. दिगूनं तो खांद्यावर घेतला. आप्पा मागून तार सांभाळत होते.

पाऊस सुरू झाल्यावर मी पुन्हा त्या गावात गेलो. सेट उत्तम चालत होता. कोंबड्यांची माहिती चालू होती आणि चार-दोन म्हातारे ती ऐकत होते. गुरुजींचं मात्र मला वाईट वाटलं, आजही वाटतं. त्यांनी पुन्हा कधी गोष्ट सांगायला घेतली नाही. मला म्हणाले, "बुधवारी संध्याकाळी अजून घशात तात्या येतो हो." एवढा गळा, एवढी हातोटी, आणि गावाला तिची गरज उरली नाही. ती बंद पाडण्यात माझाही हात होता, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मला ठाऊक आहे. बरं केलंत." पण माझ्याकडे न बघता म्हणाले.

कार्यक्रम संपला तशी एक म्हातारी गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, त्या नामाचं काय झालं शेवटाला? कवाधरनं उभा हाय त्यो वेशीवर."

गुरुजींनी आप्पांकडे बघितलं. आप्पा आता पुढे बसलेले होते, दारापाशी. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि गुरुजींच्या हातात ठेवली.

"आजपासून कपाट तुमी उघडा. दिगूसंगं वापश्यावर, ओल हाय तवर पेरायचंय, मला येळ न्हाई."

"आनि नामा?" म्हातारीनं पुन्हा विचारलं.

आप्पा चप्पल घालत होते. "ऱ्हाऊ द्या त्याला वेशीवर," ते म्हणाले. "ज्याचा हाय त्यो जाऊन आनंल."

आणि गोष्ट अर्धी टाकून ते घरी गेले.